मयतास मुली नाहीत

कान्हे,
१४ सप्टेंबर २०२५

चि. आदिनाथ यास,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. जूनमध्ये ऑपरेशन झालेला तिचा डावा डोळा आता स्वच्छ झाला, थेंब बंद झाले. भात पोटरीला आलंय. गौरी येऊन गेल्या. तिकडे तू, माधवी आणि छोटी समीक्षा खुशाल असाल असं मी धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि घरच्या ग्रुपमधून तर गौरीजेवणाच्या दुसऱ्याच दिवशी चालता झालास.

म्हणून पत्र. कल्पना आईची. म्हणाली, "फोनवर तू भाषान करतीस. कागदावर लिव. कागदावर मानूस जरा थांबून लिवतं."

तर थांबून लिहिते. पण राग थांबलेला नाही, तो आधी वाच.

जाताना तू ग्रुपवर टाकलंस, "हॉटेलातून काढलेला जुना डबा घेतला की असंच होणार. मी नवा लॅपटॉप पाठवत होतो." आदिनाथ, हे वाक्य तू हैदराबादच्या गार ऑफिसात बसून लिहिलंस. ज्या बाईने एकतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीसमोरच्या गाळ्यात टाइपरायटर बडवून तुला इंजिनिअर केलं, तिने स्वतःच्या कामासाठी स्वतः निवडलेल्या यंत्राला तू डबा म्हणतोस? तो तिने कसा निवडला हे तुला कधी कोणी सांगितलं का? आज मी सांगते.

अर्ज ऑनलाइन चढवायचे झाले, प्रतिज्ञापत्राची पीडीएफ लागू लागली, तेव्हा आईला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. तू म्हणालास, पातळ लॅपटॉप. मी म्हणाले, नवीन डेस्कटॉप, हप्त्याने. आपण दोघं आठवडाभर ग्रुपवर वर्तमानपत्रातल्या अग्रलेखांसारखे भांडलो. एकदा तरी तिला विचारलं, की बाई, तुला काय हवं? तू नाही विचारलंस, मीही नाही. मग फेब्रुवारीतल्या एका बुधवारी तिने गाळा बंद ठेवला आणि मला म्हणाली, "चल लोनावळ्याला. हाटेलवाल्यांची जुनी मशीनं तितं लय सस्त्यात मिळत्यात."

दुकान विक्की नावाच्या पोराचं. पर्यटकांची हॉटेलं दर तीन-चार वर्षांनी काउंटरवरची यंत्रं बदलतात, तो ती घेऊन झाडूनपुसून, आतली डिस्क नवी टाकून विकतो. आईला बघून म्हणाला, "या मावशी. नातवासाठी का?"

"माज्यासाठी."

त्याने हसू दाबलं आणि रंगीत दिव्यांचा कीबोर्ड पुढे केला. आई म्हणाली, "ह्यो काय लग्नाचा मांडव हाय?"

मग तू सांगितलेल्या जातीचा लॅपटॉप तिने मागितला. हो, तुझ्या शब्दाचा मान तिने आधी ठेवला. आठ बोटं ठेवली, डोळे मिटले, दोन ओळी मारल्या. "हितं बोट बुडत न्हाई," म्हणाली. "अक्षर पडलं का न्हाई ते बोटाला कळाया पायजे." आणि तो मागे सारला. मी सुचवलेल्या नव्या मशीनचाही कीबोर्ड तिने तसाच मागे सारला, नाहीतर तुला वाटेल की फक्त तुझाच अपमान झाला. शेवटी कोपऱ्यातला एक जाडजूड, उंच बटणांचा काळा कीबोर्ड तिने स्वतः ओढला. कुठल्यातरी रिसॉर्टच्या काउंटरवरचा. "ह्यो जोडा. आन रेमिंग्टन टाका."

विक्की म्हणाला, "रेमिंग्टन आता कोण वापरतं मावशी? यात बोललं तरी आपोआप टाइप होतं."

"मी बोलाया लागले तर लोकांचं कोन आयकंल?"

त्याने मुकाट्याने जुन्या टाइपरायटरची अक्षरमांडणी टाकून दिली. आईने कीबोर्डकडे न बघता प्रतिज्ञापत्राचा पहिला परिच्छेद मारला, 'ज्ञ'सकट, 'क्ष'सकट, एकही अक्षर न खोडता. बोलते टाकवे गावचं, टाइप करते सरकारी. विक्की बघत राहिला. म्हणाला, "मावशी, इथं नोकरीला येता का?" मग लांब कागद घेणारा प्रिंटर, वीज गेली तर काम जपून बंद करता येईल एवढी बॅटरी, मोठा पडदा, हे सगळं तिने एकेक विचारून घेतलं. तू पाठवलेल्या पैशांतून वर काही उरले, ते तिने तुला परत केले. आठवतंय?

ही निवड होती, आदिनाथ. आपल्या दोघांच्या शिक्षणाने जे सुचलं नाही ते तिच्या बोटांना कळलं होतं. ते यंत्र फेब्रुवारीपासून एकदाही अडलेलं नाही. डबा म्हणे!

आता दुसरी गोष्ट, जिच्यावरून हे सगळं पेटलं.

यंत्र गाळ्यात आल्यावर तू हैदराबादहून त्यात शिरून 'नमुने' नावाचं फोल्डर केलंस. वारस, उत्पन्न, रहिवास, सगळ्यांच्या तयार फाईली. वारसाची फाईल तर आईच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कागदावरून बनवलीस. तू फोनवर म्हणालास, "आई, दरवेळी तेच तेच कशाला टाइप करतेस? नाव बदल आणि प्रिंट काढ." तिचं उत्तर मी शेजारी बसून ऐकलंय. "जुन्या मानसाच्या कागदावर नवा मानूस बसवायचा न्हाई, आदी." तू हसलास. तिनेही फोल्डर पुसलं नाही, पोराने केलंय म्हणून राहू दिलं. पण उघडलंही नाही. ती प्रत्येक वेळी कोऱ्या पानापासून सुरुवात करते. टाइप झालं की कागद माणसाला वाचून दाखवते, आणि एवढ्याने भागत नाही, त्याला विचारते, "आता तू सांग, काय लिवलंय?" तो त्याच्या भाषेत सांगतो. मग अंगठा. मग तळाला ओळ: वरील मजकूर वाचून दाखवला, समजला व मान्य आहे. आणि खाली तिचं नाव, झुंबरबाई.

त्या तुझ्या 'वारस' फाईलवरून एकोणीस जूनला एक कागद निघाला.

आई त्या आठवड्यात डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडून होती. लोकांची कामं अडू नयेत म्हणून गाळा चालू ठेवला होता. टाकव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीवरून बायाबाई आली. तिचा मालक वारला, त्याची वारस नोंद करायची होती. मुलगा नवशा, मुलगी निर्मला. निर्मलाला नवऱ्याने टाकलं तेव्हापासून ती बायाबाईकडेच होती, खालच्या खाचरात भात तीच लावायची. कागद झाला, अंगठा झाला, कचेरीत दाखल झाला. मुदतीत हरकत आली नाही, म्हणून जुलैत नोंदही मंजूर झाली.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी निर्मला गाळ्यात आली. मीही तिथे होते, सुट्टी होती कॉलेजला. तिने घडी घातलेला कागद टेबलावर आपटला.

"मावशी, हे तुमी लिवलंय?"

आईने कागद हातात घेतला.

"वाचा की. मोट्यानं वाचा. माज्या आयला लेक न्हाई असं लिवलंय नव्हं? मी काय उकिरड्यावर घावले व्हते का?"

आईने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. वारस: पत्नी बायाबाई, मुलगा नवशा. आणि पुढची ओळ: मयतास मुली नाहीत. तळाशी तिचं स्वतःचं नाव. तिने ते नावही वाचलं. मग तारीख वाचली. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "माजी चूक."

निर्मला म्हणाली, "नवशा आता तितं पुन्याच्या लोकांसाठी तंबू टाकनार हाय. मी इचारलं तर म्हनतो, कागदावर तू हाईस कुटं? आन माजी आय, तिनं अंगटा लावलाय ह्याला! सोताच्या अंगट्यानं पुसलं मला." आणि निघून गेली. त्या दिवसापासून ती वाडीवर राहत नाही. लोणावळ्याला एका बंगल्यावर स्वयंपाकाला लागलीय. बायाबाईशी बोलत नाही.

माझं रक्त उकळलं. त्या नवशाचा मला इतका संताप आला की काय सांगू. दहावी पास आहे तो! त्या दिवशी गाळ्याच्या दारात उभा होता. कागद त्याच्या हातून कचेरीत गेला. 'मुली नाहीत' हे दोन शब्द त्याला वाचता आले नसतील? आले. वाचून गप्प बसला. या देशात लेकीला जमिनीवरून काढायला कुऱ्हाड लागत नाही, भावाचं मौन पुरतं. हे मी वीस वर्षं व्यासपीठांवरून ओरडून सांगते आहे, आणि ते माझ्या आईच्या टेबलावर घडावं?

म्हणून गौरीजेवणाला सगळे नातेवाईक बसले असताना मामांनी विषय काढला, "झुंबरच्या हातून अशी चूक?" तेव्हा मी बोलले. म्हणाले, आईची चूक नाही, कॉम्प्युटरची आहे. आदिनाथने हौसेने भरलेल्या नमुन्यांनी हा घात केला. हो, मोठ्याने म्हणाले. पंगतीत म्हणाले. पण खोटं काय म्हणाले? ती फाईल त्या मशीनमध्ये कोणी घातली? 'मयतास मुली नाहीत' ही ओळ तिच्यात आधीपासून कोणी ठेवली?

या प्रश्नाचं उत्तर दे. ग्रुप सोडणं म्हणजे उत्तर नव्हे.

तुझ्या उत्तराची वाट बघत, आणि अजून रागातच,
तुझी अक्का


कान्हे,
२७ सप्टेंबर २०२५

आदिनाथ,

तुझी ओळ मिळाली. मी चार पानं लिहिली, तू फोनवर एक ओळ पाठवलीस: "अक्का, त्या दिवशी गाळ्यात कोण होतं?"

नऊ दिवस मी ती उघडते आणि मिटते आहे. परवा कामशेतच्या नवरात्रातल्या व्याख्यानमालेत माझं नाव होतं. गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं. तेही खोटं.

मी होते.

आईच्या खुर्चीवर मी बसले होते. मागचं पत्र पुन्हा वाचून बघ, 'कागद निघाला', 'गाळा चालू ठेवला होता', 'कागद झाला', 'अंगठा झाला'. सगळं आपोआप होत होतं, करणारं कोणीच नव्हतं. शब्दांचा एवढा अभ्यास मी यासाठी केला होता.

आता सरळ सांगते. सकाळचे साडेदहा वाजलेले. बायाबाई समोर बसली, पदराने चेहरा पुसला, म्हणाली, "दोन लेकरं हायती बाई. नवशा आन निर्मली." मी चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहून घेतली. रेमिंग्टन मला येत नाही, एकेक अक्षर शोधावं लागतं. म्हणून तुझी 'वारस' फाईल उघडली. आधीच्या माणसाला बायको आणि एक मुलगा होता. मी बायकोच्या जागी बायको घातली, मुलाच्या जागी मुलगा. गट नंबर बदलला, वय बदललं. तेवढ्यात फोन आला. बारा वाजता मला न्यायला गाडी येणार होती, चिंचवडच्या एका कॉलेजात भाषण होतं. विषय सांगत नाही, तू ओळखशील. आयोजक विचारत होते, पाहुण्यांची ओळख किती मिनिटांची ठेवू. मी त्यांना माझी ओळख सांगत होते, आणि दुसऱ्या हाताने प्रिंट काढली.

बायाबाई म्हणाली, "समदं लिवलं ना बाई?"

मी फोनवर हात ठेवून म्हणाले, "सगळं लिहिलं मावशी. लावा अंगठा."

कागद मी वाचला नाही. तिला वाचून दाखवला नाही. चिठ्ठीवरचं दुसरं नाव माझ्याच अक्षरात माझ्यासमोर पडलं होतं. तळाशी 'वाचून दाखवला' ही ओळ फाईलमध्ये होतीच, खाली आईचं नाव होतंच. मी ते तसंच राहू दिलं. कचेरीत कारकुनाने बायाबाईला विचारलं, "वाचून दाखवलं का?" तर ती म्हणाली, "व्हय." तिला वाटलं, एवढी शिकलेली बाई म्हणतेय तर वाचल्यासारखंच आहे.

नवशाने वाचलं आणि तो गप्प बसला, हे खरं आहे, त्याचा मला आजही संताप आहे. पण त्याला गप्प बसण्याची सोय कोणी करून दिली? दोन हजार माणसांसमोर दीड तास बोलणाऱ्या बाईला एका बाईसमोर पंधरा ओळी वाचायला वेळ नव्हता.

पंगतीत मामा बोलले तेव्हा आई ताटावर मान घालून बसली होती. तिने मला वाचवलं, आणि मी तुला पुढे केलं. तो नमुना तू चांगल्या मनाने केला होतास. फाईलने कोणाला पुसलं नाही. फाईलला डोळे असते तर तिने चिठ्ठी तरी वाचली असती.

नातेवाइकांना मी स्वतः फोन केले. मामांना, मावशीला, धोंडाबाई आत्याला. एकेकाला सांगितलं की मशीनची चूक नव्हती, आदिनाथची नव्हती, मी त्या दिवशी खुर्चीवर होते. मामा म्हणाले, "जाऊ दे गं, झालं ते झालं." या 'जाऊ दे'ची मला चीड येते. माझ्या चुकीला जाऊ दे, आणि निर्मलाचं शेत?

त्याहून चीड आणणारं ऐक. निर्मलाने प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केलंय, मंगळवारी सुनावणी आहे. कॉलेजातले एक सहकारी, कायदा शिकलेले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, 'संगणकीय चूक' असं लिहून द्या. सगळे तसंच लिहितात. तुमच्या नावाला धक्का नको." संगणकीय चूक! गेले काही दिवस मी हा शब्द जिथेतिथे ऐकते आहे. पेन्शन थांबली, संगणकीय चूक. जिवंत माणूस मेला, संगणकीय चूक. माणसाने केलेलं प्रत्येक पाप घालायला आपण एक लोखंडी खोकं विकत आणलंय, त्याला तोंड नाही म्हणून. आणि हा शब्द मी आपल्या घराच्या पंगतीत पहिल्यांदा वापरला. मी त्या सहकाऱ्यांना तिथल्या तिथे सुनावलं, पण सुनावताना आवाज माझाच मला ओळखीचा वाटला नाही.

मागच्या रविवारी मी लोणावळ्याला गेले. निर्मला ज्या बंगल्यावर आहे तिथे पुण्याचे पाहुणे उतरलेले होते, गाणी लावलेली. ती मागच्या बाजूला भाकऱ्या थापत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती थापत राहिली. तव्यावरची भाकरी फुगली, उतरवली, दुसरी टाकली.

मग म्हणाली, "मागल्या साली कामशेतला तुमचं भाशान आयकलं मी. आयला घिऊन आलते. लेकींचं बोलत व्हता तुमी. लय ग्वाड बोलता. आय म्हनली, ह्या बाईच्या त्वांडात सरस्वती हाय. म्हनून तर तुमच्या म्होरं डोळं झाकून अंगटा लावला तिनं. दुसरं कुनी असतं तर दहादा इचारलं असतं."

आदिनाथ, मला आजवर कोणी एवढं मोठं प्रमाणपत्र दिलं नव्हतं, आणि एवढी मोठी थोबाडीतही मारली नव्हती.

मी म्हणाले, "सुनावणीत मी खरं सांगणार आहे."

"ते तितं सांगा. आयला सांगितलं का?"

"नाही. आधी तुझ्याकडे आले."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "उलटं आलाय तुमी. जावा. आदी तिच्याकडं जावा."

सोमवारी वाडीवर गेले. टाकव्यापर्यंत एसटी, पुढे चिखलातून पायी. बायाबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी सांगत गेले, ती सूप हलवत ऐकत गेली. माझं संपलं तेव्हा सूप थांबलं. म्हणाली, "मंजे म्या नाव सांगितलं व्हतं?"

"सांगितलं होतं, मावशी. दोन्ही सांगितली होती. मी लिहूनसुद्धा घेतली होती."

"मला वाटलं, इसरलेच मी." ती हसली की रडली मला कळलं नाही. "म्हैना झाला, सोताला श्या देती. म्हनलं, बाया, काय म्हातारपन आलं तुला, पोटच्या पोरीचं नाव इसरलीस कचेरीत."

मी चिठ्ठी बरोबर नेली होती. गाळ्यातल्या खिळ्याला जुन्या चिठ्ठ्या टोचलेल्या असतात, त्यात सापडली. तिला वाचता येत नाही, तरी मी बोट ठेवून दाखवलं, हे नवशा, हे निर्मला. तिने चिठ्ठी घेतली, चोळीत ठेवली आणि म्हणाली, "ही मी ठिवती. निर्मलीला दावाया." सुनावणीत पुरावा म्हणून लागेल असं मी म्हणणार होते. म्हणाले नाही. फोनमध्ये चिठ्ठीचा फोटो काढला होता, तो पुरेल.

आणि आई. तिने अठ्ठावीस ऑगस्टला तारीख वाचली त्याच क्षणी तिला कळलं होतं. एक शब्द बोलली नाही मला. पण तू ग्रुप सोडलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाळा बंद आहे. मशीनवर चादर टाकलीय. लोक घरी येतात, मावशी, अर्ज करायचाय. ती म्हणते, "दुसरीकडं जावा बाबा." मी विचारलं तेव्हा म्हणाली, "एका कागदाखाली माजं नाव खोटं पडलंय. त्ये खरं होईपतोर दुसऱ्या कागदाखाली कसं टाकू?" मंगळवारी ती स्वतः जाऊन सांगणार होती की नाव माझं, जबाबदारी माझी. एकतीस वर्षांत जिच्या एका कागदाला हरकत आली नाही, ती बाई माझ्यासाठी साहेबासमोर उभी राहून स्वतःला खोटं म्हणवून घेणार होती. मी ओरडले तिच्यावर. म्हणाले, तू त्या दिवशी तिथे नव्हतीस! ती म्हणाली, "मग तसं लिव की."

गाळ्यात जाऊन लिहायला बसले. मशीनवरची चादर तिनेच काढली. मी तीन पानं लिहिली. त्यात घटना होती, स्त्रियांचा इतिहास होता, माझं मन होतं, माझी व्यग्रता होती. तिने चष्मा लावून पडद्यावर सगळं वाचलं. म्हणाली, "किती बोलतीस गं. काय केलंस तेवडं लिव." मग मी खोडत गेले. शेवटी जे उरलं ते असं:

"दिनांक १९ जून २०२५ रोजी सदर प्रतिज्ञापत्र मी, राजेश्वरी, टाइप केले. बायाबाईंनी मला नवशा व निर्मला अशी दोन मुलांची नावे सांगितली होती. मी निर्मलाचे नाव लिहिले नाही. कागद मी त्यांना वाचून दाखवला नाही. तळाशी माझ्या आईचे नाव होते ते मी काढले नाही. आई त्या दिवशी तेथे नव्हती."

याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. खोट्या कागदाची चौकशी लागू शकते, कॉलेजला कळेल, व्याख्यानांची बोलावणी थांबतील. थांबू देत. निर्मलाचं नाव चढायला हवं, आणि आईचं त्या ओळीखालून उतरायला हवं. या दोन गोष्टींपलीकडे मला या महिन्यात काही नको आहे.

तू येऊ नकोस. माझी बाजू घ्यायला तर मुळीच नको. आईला मात्र फोन कर. ती तुझ्याशी यातलं काही बोलणार नाही, समीक्षाच्या शाळेचं विचारेल. तेवढं सांग.

बुधवारी गाळा उघडायचा की नाही, ते आई ठरवेल. मला तिने विचारलेलं नाही, आणि मी माझं मत दिलेलं नाही.

मोठेपण तूर्त बाजूला ठेवून,
राजेश्वरी